जगतपुऱ्याचा धक्का

नातवाची मोटरबोट घरी आली त्या दिवशी आमच्या सोसायटीच्या फाटकात पाण्याचा टँकर उभा होता. मे महिना, बाहेर 45 अंश. बोटीचं खोकं काखेत मारून मी टँकरच्या कडेने अंग चोरत आत शिरत होतो, तेव्हा चौकीदाराने विचारलं, "बाऊजी, कांई ल्याया?" मी म्हटलं, "नाव." त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा टँकरकडे पाहिलं, आणि काही न बोलता फाटक उघडलं. गेल्या दोन वर्षांत जयपूरने माझ्या बाबतीत बाळगलेला समजूतदारपणा हा असा आहे.

जगतपुरा म्हणजे जयपूरच्या आग्नेयेकडचं उपनगर. एकेकाळचं गाव, आता इमारतींचं रान. महाल रोड आहे, रेल्वेचं स्टेशन आहे, नेमबाजीची रेंज आहे, कृष्णबलरामांचं मोठं मंदिर आहे, आणि सीतापुऱ्याची औद्योगिक वसाहत इतकी जवळ आहे की जावई जेवायला घरी येऊ शकतो. येत नाही, तो भाग वेगळा. सगळं आहे. फक्त धक्का नाही. माझी पस्तीस वर्षं भाऊच्या धक्क्यावर गेली. रेवसच्या आणि मोऱ्याच्या लाँचची, मच्छीमार बोटींची डिझेल इंजिनं उघडायची, साफ करायची, परत बंद करायची, एवढाच माझा प्रपंच. निवृत्तीनंतर लेक म्हणाली, "बाबा, माझगावात एकटे काय करता, इकडे या." आलो. नवव्या मजल्यावरच्या गॅलरीत उभं राहिलं की चारी दिशांना क्षितिज दिसतं, आणि एकाही दिशेला पाणी दिसत नाही. पहिल्या महिन्यात तर मला सकाळी उठल्यावर ओहोटी लागल्यासारखं वाटायचं.

खोक्यावर बोटीचं चित्र होतं, मागे पाण्याचा फवारा होता, आणि कोपऱ्यात एका पिवळ्या चांदणीत लिहिलं होतं: ताशी 30 किलोमीटर. नातू नऊ वर्षांचा. त्याचं मराठी जयपुरी वळणाचं आहे. तो म्हणाला, "आजोबा, आपण हिला चालवून बघू या ना. अभी." अभी म्हणजे बाथरूममधल्या टबात. टब जेमतेम चार फुटी, बोट सव्वा फुटी. ती एकदा डावीकडे आपटली, एकदा उजवीकडे, मग नळाखाली जाऊन गोल गोल फिरत राहिली. नातवाने निदान केलं, "हिचं इंजिन खराब आहे."

मला भाऊच्या धक्क्याची आठवण झाली ती त्या क्षणी. पस्तीस वर्षं हेच वाक्य ऐकत आलो. लाँच ओढत नाही, बोट पळत नाही, धूर मारते, एका अंगाला जाते, तक्रार कोणतीही असो, तांडेल यायचा आणि छातीवर हात ठेवून सांगायचा, "इंजिनातच काहीतरी हाय." इंजिन हा फार सोयीचा आरोपी. ते मागे बसतं, आवाज करतं, काळं असतं आणि उलट बोलत नाही. मी हत्यारांची पेटी घेऊन जायचो आणि बऱ्याचदा ती न उघडताच परत यायचो. इंजिन ठणठणीत असायचं. बोट अडलेली असायची ती भलत्याच कशाने तरी.

बहुतेक वेळा माणसांनी.

रेवसची लाँच आठवा. ज्यांनी केली असेल त्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी म्हणून: लाकडी लाँच, मधे बाकडी, वर ताडपत्री, तासाभराचा प्रवास. भाऊच्या धक्क्यावरून निघताना सगळे आपापल्या जागी शहाण्यासारखे बसतात. थंडीच्या दिवसांत दहा मिनिटांत पांढरे पक्षी मागे लागतात. मग कुणीतरी गाठ्यांची पुडी फोडतं, की सगळी पोरंबाळं आणि त्यांच्या आया एका बाजूला. लाँच त्या अंगाला कलते, बुडालेली बाजू पाण्याला जास्त घासते, आणि सुकाणूवाला पुढचा अर्धा तास नाक सरळ ठेवण्यासाठी सुकाणू वाकडं धरून बसतो. वाकडं सुकाणू म्हणजे पाण्यात आडवी धरलेली फळी, ब्रेकच तो. आणि रेवसचा धक्का अजून पाव मैल लांब असतानाच, दादरला उतरायची सवय असलेली सगळी मंडळी उठून पुढे नाळेपाशी जाऊन उभी राहतात. पन्नास-साठ माणसांचं, म्हणजे तीनेक हजार किलोंचं वजन एका मिनिटात मागून पुढे! नाळ पाण्यात घुसते, मागचा भाग उचलला जातो, पंखा वरच्या फेसाळ पाण्यात येतो आणि नुसतं ताक घुसळायला लागतो. सुकाणूचंही तेच, बोट त्याचं ऐकेनाशी होते. इंजिनाचा आवाज एकदम चढतो, आणि नाळेपाशी उभा असलेला एखादा जाणकार शेजाऱ्याला सांगतो, "इंजिन जुनं झालंय हो यांचं."

तर टबातल्या निदानावर मी अपील केलं आणि खटला वरच्या कोर्टात, म्हणजे सोसायटीच्या स्विमिंग पूलवर नेला.

पूलच्या नियमांच्या पाटीवर सोळा कलमं आहेत. तेल लावून उतरू नये, खाद्यपदार्थ आणू नयेत, लहान मुलांना एकटं सोडू नये. बोटीबद्दल अवाक्षर नाही. पण चौकीदार नियमांचा नव्हे, परंपरेचा माणूस. तो म्हणाला, "पूल में नाव अलाउड कोनी." मी त्याला बाजूला घेतलं आणि मी कोण, कुठे काम करायचो, हे सगळं सांगितलं. त्याचं गाव सवाई माधोपूरकडचं. चंबळ नदीवर त्याच्या मामाची नाव होती. सकाळी साडेपाच ते सहा अशी अर्ध्या तासाची मुभा मिळाली, अट एवढीच की तोही बघायला उभा राहणार.

पूल पंधरा मीटरचा. खोक्यावरची चांदणी खरी मानली तर बोट सेकंदाला आठ मीटर जाणार, म्हणजे दोन सेकंदांत पूल संपणार. जाहिरात लिहिणाऱ्यांनी हा हिशेब केलेला नसतो. पहिल्या फेरीत बोटीने नाळ आभाळाकडे केली, धपकन खाली आपटली, पुन्हा वर केली, पुन्हा आपटली, आणि अशी डुलत डुलत, घोडं खोगीर झटकतं तशी, पलीकडच्या भिंतीला जाऊन धडकली. नातू म्हणाला, "बघा. इंजिन."

मी बोट उचलली आणि झाकण उघडलं. बॅटरी अगदी मागे, मोटरीला चिकटून बसवलेली. मी ती बोटभर पुढे सरकवली. दुसऱ्या फेरीत नाळ थोडी उठली, मग अलगद खाली आली, आणि बोट पाण्यावर आडवी झाली. म्हणजे बुडण्याऐवजी घसरायला लागली. चौकीदाराने टाळी वाजवली. मग नातवाला चेव आला. त्याने बॅटरी आणखी दोन बोटं पुढे ढकलली. आता नाळ पाण्यात रुतली, बोटीने उजवीकडे झटका खाल्ला आणि ती उलटी झाली. एका इंचाचा खेळ. खऱ्या बोटीतही एवढंच असतं, फक्त तिथे बॅटरीच्या जागी डिझेलची टाकी, बर्फाच्या लाद्या, जाळी आणि मालकाचा मेहुणा असतो.

हे नाळ उठणं आणि मग आडवं होणं, यात मोटरबोटीचं सगळं मर्म आहे, म्हणून इथे जरा बसू या. बोट पुढे जाते तेव्हा पाणी दुभंगतं आणि नाळेपाशी एक लाट उठते, दुसरी मागे. वेग वाढला की या दोन लाटांमधलं अंतर वाढतं. एका ठरावीक वेगाला ते बरोबर बोटीच्या लांबीएवढं होतं. तिथून पुढे बोट स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर असते, आणि कितीही जोर लावा, चढ संपत नाही. विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने 1872 च्या सुमाराला टॉर्की गावात एक लांबलचक हौद बांधून त्यात मेणाच्या छोट्या बोटी ओढून हे शोधलं. म्हणजे सोसायटीच्या पूलमध्ये सकाळी साडेपाचला मी जे करत होतो त्याला दीडशे वर्षांची प्रतिष्ठित परंपरा आहे. फक्त फ्रूडच्या हौदाला इंग्लंडच्या आरमारी खात्याचा पैसा होता, आम्हाला मेंटेनन्सचा होता. हिशेब सोपा आहे: पाण्यालगतची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 1.34 ने गुणा, की वेग नॉटमध्ये येतो. 36 फुटी लाँच, वर्गमूळ सहा, वेग आठ नॉट, म्हणजे ताशी 15 किलोमीटरच्या आसपास. त्यापुढे दुप्पट ताकदीचं इंजिन टाकलंत तर वेग चिमूटभर वाढतो, डिझेल मात्र ओंजळभर जातं, आणि बाजूच्या होड्या तुमच्या लाटांनी हलून तुमच्या आईवडिलांची आठवण काढतात.

या चढावरून सुटायचं तर एकच वाट: बोट हलकी करा, बूड सपाट करा आणि एवढा जोर लावा की ती आपली लाट ओलांडून पाण्याच्या पाठीवर चढेल. नातवाच्या बोटीने केलं ते हेच. आमच्या गोल पोटाच्या लाकडी लाँचला ते जमणारं नव्हतं, आणि तिने कधी तसा आवही आणला नाही. माझ्या मते चांगल्या बोटीचं पहिलं लक्षण हेच की तिला आपला वेग माहीत असतो.

तांडेलांना मात्र तो माहीत नसायचा. विशेषतः शेजारच्याने नवीन पंखा टाकला की. पंखा म्हणजे पाण्याखालचा, बोट ढकलणारा. लाकडात स्क्रू पिळला की प्रत्येक फेऱ्याला तो ठरावीक आत जातो, तसा पंखा एका फेऱ्यात पाण्यातून किती पुढे जाईल ते त्याच्या पात्यांच्या पिळावर ठरतं. त्याला पिच म्हणतात. 15 इंची पिचचा पंखा मिनिटाला 2500 फेरे फिरला तर कागदावर ताशी 57 किलोमीटर होतात. पण पाणी म्हणजे सागवान नव्हे. ते सरकतं, आणि त्यात दहा-वीस टक्के घसरतात. आता माणसाचा हिशेब असा की पिच जास्त म्हणजे वेग जास्त. एकदा एकाने दुसऱ्याच्या मोठ्या बोटीचा उतरवलेला पंखा स्वस्तात घेतला आणि आपल्या बोटीला लावला. दुसऱ्याच दिवशी मला बोलावणं. धुरांड्यातून काळा धूर, पाणी उकळतंय, आणि बोट आधीपेक्षा सावकाश. "इंजिन बघा." मी त्याला विचारलं, सायकल चढावर पहिल्यापासून मोठ्या गिअरमध्ये टाकून कधी चालवलीस का? तो म्हणाला, माझ्याकडे सायकल नाय. पंखा बदलायला त्याला तीन आठवडे लागले, त्यातले अडीच त्याची समजूत पटवण्यात गेले.

उलटंही होतं. फार लहान पंखा फार जोरात फिरवला की पात्यांच्या पाठीमागचा दाब इतका उतरतो की पाणी थंडच्या थंड उकळतं. त्याचे बुडबुडे होतात आणि ते फुटताना पितळेला खड्डे पाडतात. देवीचे व्रण पडावेत तशी पाती दिसायला लागतात. चार्ल्स पार्सन्सने 1894 साली टर्बिनिया ही जगातली पहिली वाफेच्या टर्बाइनची बोट पाण्यात सोडली तेव्हा त्याच्या नशिबी हेच आलं. यंत्र अफाट, बोट ढिम्म. शेवटी त्याने एका दांड्याऐवजी तीन दांडे बसवले, प्रत्येकावर तीन असे नऊ पंखे लावले, आणि 1897 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राजवटीच्या साठाव्या वर्षाच्या आरमारी संचलनात न बोलावता घुसून 34 नॉटने सगळ्यांसमोरून पळ काढला. पाठलागाला सोडलेल्या आरमारी नावांना ती सापडली नाही. तिच्याही इंजिनात दोष नव्हता, हे मी मुद्दाम लक्षात आणून देतो.

पूलवर तिसऱ्या दिवशी नवीनच प्रकार. पहिली फेरी सुंदर, परतीची फेरी भयंकर. जाताना बोट घसरत गेली, येताना उड्या मारत आली. नातू माझ्याकडे बघायला लागला. कारण डोळ्यांसमोर होतं: पूलच्या भिंतींना आपटून तिच्याच लाटा परत येत होत्या. बोटीला दुसऱ्याच्या लाटांइतक्याच आपल्या लाटा जड जातात. डोनाल्ड कॅम्बेल हा इंग्रज विक्रमवीर 4 जानेवारी 1967 ला कॉनिस्टन सरोवरावर पहिली फेरी करून वळला आणि पाणी निवळायची वाट न बघता परत निघाला. दुसऱ्या फेरीत त्याची बोट हवेत उडून उलटली आणि तो गेला. लाटांचाच दोष होता का, यावर जाणकार अजून वाद घालतात. नातवाला मी हे सांगितलं नाही. त्याला मी ऑस्ट्रेलियातल्या केन वॉर्बीची गोष्ट सांगितली, ज्याने घराच्या मागच्या अंगणात, सरकारी लिलावात निघालेलं जेट विमानाचं जुनं इंजिन लावून बोट बांधली आणि 8 ऑक्टोबर 1978 रोजी एका धरणाच्या पाण्यावर ताशी 511 किलोमीटरचा वेग गाठला. तो विक्रम आजही उभा आहे. नातवाने लगेच विचारलं, "आपल्याकडे अंगण आहे?" नवव्या मजल्यावर हा प्रश्न मला थोडा लागला. "आणि आपण दोन मिनिटं थांबलो तर पाणी शांत होईल?" हेही त्यानेच विचारलं. थांबलो. झालं.

अशा यशाने माणूस बहकतो. त्या सकाळी मी नातवाला आणि चौकीदाराला हवेवर व्याख्यान दिलं. म्हटलं, इंजिन हवा खातं. जयपूर समुद्रापासून 430 मीटर उंच, म्हणून हवा शेकडा पाचाने विरळ. वर मे महिन्याची झळ. तापलेली हवा फुगते, तिच्यात दम कमी. मुंबईत चोख बसवलेलं पेट्रोलचं आऊटबोर्ड इंजिन इथे आणून दुपारी चालवलं, तर त्याची दहातली एक ताकद नुसती वाऱ्यावर जाईल. म्हणून आपण सकाळी चालवतो. नातवाने बोट हातात धरून विचार केला आणि म्हणाला, "पण आजोबा, ही तर बॅटरीवर चालते."

चौकीदार पूलचे दिवे विझवायला निघून गेला. माणुसकी असावी तर अशी.

पूल पुढे बंदच झाला. टँकरचा खर्च वाढला, सभेत ठराव झाला आणि पाणी काढून टाकलं. आता बोट घेऊन जायचं कुठे? शहरात जलमहालाभोवती मानसागर आहे, पण तिथे कठड्याबाहेरून बघायचं. जावई म्हणाला, "रामगढला नेऊ या की, रविवार आहे. तिथे म्हणे एशियाड झालं होतं."

झालं होतं, खरंच. जयपूरपासून तीसेक किलोमीटरवर बाणगंगा नदी अडवून महाराजा माधोसिंह दुसरे यांच्या काळात रामगढचा बांध बांधला. पुढे कित्येक वर्षं जयपूर शहर त्याचं पाणी प्यायलं. आणि 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये वल्हवण्याच्या शर्यती याच तलावावर झाल्या. आशियाई खेळांत हा प्रकार तेव्हा पहिल्यांदाच आला, म्हणजे आशियाडातली वल्ही पहिल्यांदा बुडाली ती राजस्थानच्या पाण्यात! शर्यतीचा पट्टा दोन हजार मीटरचा लागतो. शर्यतीत होड्यांच्या मागून पंचांची मोटरबोट यावी लागते, आणि तिच्या चालकाचं सगळं कसब एकाच गोष्टीत असतं: कमीत कमी लाट उठवायची. वेगाने जायचं, पण पाण्याला कळू द्यायचं नाही. त्या कुणा चालकाला भेटायची मला फार इच्छा आहे. धंद्यातला माणूस.

आम्ही बांधावर पोचलो. नातवाने बोट छातीशी धरलेली. समोर तलाव, म्हणजे तलावाची जागा. या टोकापासून त्या टोकापर्यंत गवत, बाभळी, मधून पायवाटा, आणि एका उंचवट्यावर शेळ्या. या शतकाच्या सुरुवातीपासून तो असाच कोरडा. वरच्या अंगाला नाल्यांवर बांध पडले, पाणलोटात शेतं आणि फार्महाऊसं आली, बाणगंगेची वाट बुजली. उच्च न्यायालयाने दखल घेतली, समित्या नेमल्या गेल्या. 2025 च्या ऑगस्टमध्ये तर इथे ड्रोन उडवून कृत्रिम पाऊस पाडण्याचा प्रयोग झाला आणि तो बघायला एवढी गर्दी लोटली की ढगांनाही अवघडल्यासारखं झालं असेल.

मी पस्तीस वर्षांत उथळ पाणी खूप पाहिलं. रेवसच्या खाडीत ओहोटीला लाँच शिरली की ती एकदम जड होते. बुडाखालचं पाणी चिंचोळ्या फटीतून जोरात धावतं, दाब उतरतो, बोट खाली ओढली जाते, मागची लाट उंच होते आणि पंखा चिखल उपसायला लागतो. जुने तांडेल पाण्याचा रंग न बघता, नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून खाली किती पाणी आहे ते सांगायचे. म्हणून आम्ही तिथी बघून निघायचो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ हाताशी येते, हे कोकणातल्या पोराला पाढ्यांबरोबर शिकवतात. पण खाली काहीच पाणी नसलं तर बोटीचं काय होतं, हा धडा माझ्या धंद्यात नव्हता.

नातवाने बोट गवतावर ठेवली. एक शेळीवाला म्हातारा आला, तिच्याकडे बघून म्हणाला, पाणी इथे इतकं होतं, आणि बांधाच्या दगडावरच्या एका पुसट रेघेकडे हात केला. रेघ आमच्या डोक्याच्या खूप वर होती. तो, मी आणि जावई, तिघंही मान वर करून ती रेघ बघत राहिलो. प्लिमसोल नावाच्या इंग्रजाच्या खटपटीमुळे 1876 पासून इंग्लंडात जहाजाच्या अंगावर रेघ मारतात, इथपर्यंतच बुडायचं म्हणून; आता ती जगभर आहे. तिच्या शेजारी आणखी रेघा असतात, कारण खाऱ्या पाण्याचा घनमीटर 1025 किलोंचा आणि गोड्या पाण्याचा 1000 चा, तेव्हा समुद्रातून नदीत शिरलेलं जहाज जरा जास्त बुडतं. खाऱ्याची रेघ वेगळी, गोड्याची वेगळी. गवताची रेघ प्लिमसोलला सुचली नव्हती.

परत येताना जावयाने पेपरातली बातमी वाचून दाखवली: बीसलपूरची पातळी. हे इथलं पंचांग. टोंक जिल्ह्यात बनास नदीवरचं हे धरण, जयपूरपासून सव्वाशेक किलोमीटर. आता शहर त्याचं पाणी पितं. भरलेलं धरण म्हणजे 315.50 मीटर, हा आकडा इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ. पावसाळ्यात लोक चहाच्या टपरीवर सेंटिमीटरमध्ये बोलतात: आज चार वाढले, काल सात. 2024 मध्ये धरण भरून दरवाजे उघडले तेव्हा आमच्या लिफ्टमध्ये अनोळखी माणसांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. आम्ही मुंबईकर भरतीला कधी असे हसून सामोरे गेल्याचं मला आठवत नाही. आम्ही चपला हातात घ्यायचो.

जुलैत पाऊस आला. जयपूरचा पाऊस कोकणासारखा मुक्कामाला येत नाही, वसुलीला येतो. तासाभरात आमच्या फाटकासमोरचा रस्ता गायब झाला. गुडघाभर पाणी, तपकिरी, सरळ दोनशे मीटर. लेक गॅलरीतून ओरडली, "बाबा, त्याला खाली नेऊ नका," पण तोपर्यंत लिफ्ट चौथ्या मजल्यावर होती.

फाटकाच्या पायरीवर चौकीदार पॅन्ट दुमडून उभा. नातवाने बोट सोडली. नाळ उठली, आडवी झाली, आणि ती सुटली. अशी सुटली की मला हात आवळून धरावे लागले. ना भिंत, ना परतणारी लाट, ना दोन सेकंदांत संपणारं पाणी. मेडिकलचं दुकान गेलं, कचोरीचा ठेला गेला, अर्धी बुडालेली स्कूटी गेली. ठेल्यावाल्याने झारा वर करून सलाम ठोकला. खोक्यावरच्या पिवळ्या चांदणीबद्दल मी मनातल्या मनात माफी मागितली.

तेवढ्यात पलीकडून टँकर आला. या पुरातही आला, कारण त्याची पाळी होती. तो पाणी कापत सावकाश येत होता, नाकापुढे लाट ढकलत, आणि ती लाट त्याच्याहून जोरात धावत नव्हती की मागेही पडत नव्हती. फ्रूडला दाखवावा असा चढ. बोट त्या लाटेवर चढली, पलीकडे उतरली, डगमगली आणि रस्त्याच्या मधोमध थांबली. मोटर घरघरत होती, बोट हलत नव्हती.

चौकीदार पाण्यात उतरला, तिला उचलून घेऊन आला, कानाशी धरून आवाज ऐकला आणि गंभीरपणे म्हणाला, "बाऊजी, इंजन खराब हो ग्यो दीखे."

नातवाने माझ्याकडे पाहिलं. मी बोट उलटी केली. पंख्याभोवती गुटख्याच्या पुडीची चमकती पट्टी तीन वेढे घालून घट्ट बसली होती. मी खिशातून नेलकटर काढलं.